त्या नावाड्याला सोडू नकोस

"ताई, आम्ही पुण्यात दर दुसऱ्या रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, आपापलं पात्र होऊन एकत्र गोष्ट रचायचा खेळ) खेळतो, पाच प्लेयर आणि मी डीएम, म्हणजे डाव चालवणारा. आठ महिन्यांत १४ सेशन झाली. सुरुवातीला सगळे जाम एक्सायटेड होते, आता लढाई सुरू झाली की आमचा फायटर (लढवय्या झालेला प्लेयर) रील्स बघत बसतो आणि टर्न आला की 'काय चाललंय?' असं विचारतो. विझार्डवाला (जादूगार झालेला) एकटाच बोलत असतो, क्लेरिकवाली (देवाची पुजारीण झालेली) तासतासभर गप्प. मागच्या वेळी आठ गॉब्लिनांशी, म्हणजे छोट्या राक्षसांशी, लढाई पावणेदोन तास चालली. त्याआधीच्या सेशनला मी देवळातल्या ताईताचा मोठा सीन लिहून नेला होता, तर यांनी अख्खी दुपार नदीवरच्या एका फालतू नावाड्याशी बोलण्यात घालवली, त्याचं नावसुद्धा मला तिथल्या तिथे सुचवावं लागलं. माझ्या जगाचा ४० पानी इतिहास लिहून पाठवलाय, कोणी उघडून बघितला नाही. शेवटच्या सेशनला दोघं आलेच नाहीत. मॉन्स्टर अजून स्ट्राँग करू का? मिनिएचर, म्हणजे पात्रांचे छोटे पुतळे, विकत घेऊ का? वेगवेगळे आवाज काढायची प्रॅक्टिस करू का? की बंदच करून टाकू?" — वैतागलेला डीएम, कोथरूड

अरे मित्रा, बंद अजिबात करू नकोस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या नावाड्यापाशी येऊन थांबले. तू त्याला फालतू म्हणतोयस, पण आठ महिन्यांत तुझे पाचही प्लेयर स्वतःहून एखाद्या गोष्टीच्या मागे लागले असतील तर ती ही एकच, आणि तीच तुला तक्रार वाटतेय. त्याच्याकडे परत येते मी, आधी ती लढाई बघू, कारण तिचं दुखणं साधं आहे आणि लगेच बरं होण्यासारखं आहे.

हिशोब कर. पाच प्लेयर आणि आठ गॉब्लिन म्हणजे एका राउंडला १३ टर्न. एका टर्नला दोन मिनिटं धरली तर २६ मिनिटं, आणि चार राउंड म्हणजे १०४ मिनिटं, म्हणजेच तुझे ते पावणेदोन तास. यात तुझ्या फायटरच्या वाट्याला किती आली तर आठ मिनिटं. दोन मिनिटं खेळायचं आणि २४ मिनिटं बसून राहायचं, असं चार वेळा. मी त्याच्या जागी असते तर मीही फोन काढला असता, यात त्याचा काय दोष आहे सांग. सगळ्यांना फोन बाजूला ठेवायला सांगितलंस तर तो फोन ठेवेल आणि खिडकीबाहेर बघेल.

म्हणून ते आठ गॉब्लिन आठ वेगळ्या लोकांसारखे चालवू नकोस. एकसारख्या मॉन्स्टरांचा इनिशिएटिव्ह, म्हणजे कोणाचा टर्न कधी तो क्रम, एकच रोल करायचा हे तर नियमातच आहे, म्हणजे सगळे एकत्र हलतात, तू एका दमात सांगतोस की तिघे रेंजरवर धावून आले, दोघे झाडावर चढले, बाकीचे मागून दगड मारतायत. डॅमेजसाठी, म्हणजे किती इजा झाली त्यासाठी, दरवेळी फासा टाकायचीही गरज नाही, २०१४ च्या नियमांत गॉब्लिनच्या तलवारीचा सरासरी आकडा ५ छापलेलाच आहे, तोच सांग आणि पुढे हो. आणि ज्याचा टर्न आहे त्याच्या पुढच्याला आधीच सांगून ठेव, "आता हिचा, मग तुझा, तयार राहा." एवढ्यानेच २६ मिनिटांचा राउंड दहाच्या आत येतो, मी स्वतः घड्याळ लावून बघितलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे गॉब्लिनांना जिवाची भीती असते हे तू विसरलायस, आणि आजकाल बहुतेक डीएम विसरतात. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक सेटमध्ये यासाठी एक छोटा आणि फार हुशार नियम होता, मोराल नावाचा. प्रत्येक मॉन्स्टरला एक आकडा दिलेला, साध्या गॉब्लिनला ७. त्यांच्यातला पहिला पडला की दोन सहाबाजूंचे फासे टाकायचे, आणि निम्मे पडले की परत एकदा, बेरीज आकड्याच्या वर गेली की ते पळतात किंवा शरण येतात. सातच्या वर बेरीज यायची शक्यता ३६ पैकी १५ वेळा, म्हणजे दर तपासणीला साधारण ४२ टक्के. हा नियम तुझ्या गेममध्ये जसाच्या तसा चालतो, काही बदलावं लागत नाही. लढाई आटोपते ते वेगळंच, पण खरी मजा पुढे आहे. एक गॉब्लिन हत्यार टाकून गुडघ्यावर बसला आणि म्हणाला मला मारू नका, मी गुहेचा मागचा रस्ता दाखवतो, तर आता काय करायचं? सोडायचा? बांधायचा? विश्वास ठेवायचा? बघ तुझी क्लेरिकवाली बोलते की नाही.

हे ऐकल्यावर मॉन्स्टर स्ट्राँग करायचं तुझ्या मनातून गेलंच असेल. २०१४ च्या नियमांत ओगर नावाच्या राक्षसाला ५९ हिट पॉइंट असतात, म्हणजे तेवढी इजा तो सोसतो, ते तू ११८ केलेस तर तीच लढाई दुप्पट वेळ चालेल, बाकी काही होणार नाही. लढाईत जीव टांगणीला लागतो तो हरण्याजिंकण्याशिवाय अजून काहीतरी पणाला लागलेलं असतं तेव्हा. वर घंटा आहे आणि एक गॉब्लिन तिच्याकडे धावतोय, ती वाजली तर सगळा किल्ला जागा होईल. किंवा पिंजऱ्यात गावातली दोन माणसं आहेत आणि पिंजऱ्याच्या दोरीला आग लागलीये. मग फायटर गॉब्लिन मारायचा की दोरी पकडायची या विचारात पडतो आणि बाकीचे चौघं टर्न नसतानाही ओरडायला लागतात, अरे दोरी बघ, दोरी!

आणि तुझ्या पत्राचं खरं उत्तर इथेच आहे. त्या चौघांनी ओरडावं असं वाटत असेल तर त्यांच्या ठरवण्याने काहीतरी बदलतंय हे त्यांना दिसलं पाहिजे. तू सेशन चालवतोस ते कीर्तनासारखं, तुला सगळी कथा पाठ आहे, पूर्वरंग झाला की उत्तररंग, आणि समोरच्यांनी ऐकायचं. कीर्तन मला फार आवडतं, पण कीर्तनाला बसलेल्या माणसाला कोणी कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राच्या माहितीचा कागद, भरून आण म्हणत नाही. शीट भरून आलेल्या माणसाला काहीतरी करायचं असतं. देवळातला ताईत हा तुझा सीन होता, नावाडी हा त्यांचा होता.

हा प्रकार या खेळाच्या जन्मापासूनचा आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात डेव्ह वेस्ली नावाच्या एका वॉरगेमरने, म्हणजे टेबलावर लढाया खेळणाऱ्याने, मित्रांसाठी एक डाव मांडला, नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव. नेहमीसारखं नुसतं सैन्य देण्याऐवजी त्याने काही जणांना गावातली माणसं केलं, कोणी महापौर, कोणी बँकवाला, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू, आणि प्रत्येकाला आपापला मतलब दिला. त्याच्या डोक्यात होतं की दोन सैन्यं येतील आणि लढाई होईल. झालं काय तर सगळे उठून आपापसात कुजबुजायला लागले, कट करायला लागले, लढाई बाजूलाच राहिली, आणि वेस्लीला वाटलं की आपला डाव साफ फसला. पण खेळणारे त्याच्या मागेच लागले की हे परत खेळू. त्याच गटातल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, उभं केलं आणि त्यातून गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आला. म्हणजे हा खेळच मुळात डाव चालवणाऱ्याचा प्लॅन मोडला म्हणून जन्माला आला. तुझी ती नावाड्याची दुपार याच घराण्यातली आहे रे.

मीही ही चूक केलीये, आणि ती मला अजून टोचते. माझ्या एका कॅम्पेनमध्ये पुलावर विलन पार्टीला, म्हणजे प्लेयरच्या टोळीला, भेटणार होता, धमकी देणार आणि घोड्यावरून निसटणार, कारण शेवटच्या सेशनसाठी मला तो जिवंत हवा होता. आमच्या रोगवाल्याने (इंग्रजी 'rogue', म्हणजे चोर-भामटा झालेल्याने) मात्र दोन सेशन आधीपासून तयारी केली होती, तबेल्यातल्या पोराशी ओळख काढली, पैसे दिले, घोड्याच्या खोगिराचा पट्टा अर्धा कापून ठेवला, आणि फासाही झकास पडला. मी तरीही विलनला पळवला, काहीतरी जादूचं निमित्त काढून. कोणी काही बोललं नाही. रात्री पार्किंगमध्ये हेल्मेट घालता घालता तो मला एवढंच म्हणाला, "आम्ही काहीही केलं असतं तरी तो सुटणारच होता ना?" त्यानंतर त्या मुलाने कधीच कसली तयारी केली नाही, टर्न आला की हल्ला करतो म्हणायचा आणि फासा टाकायचा. विलन पडला असता तर मला फक्त नवा विलन शोधावा लागला असता, पण त्या मुलाचा विश्वास मला परत मिळाला नाही.

आता निवड म्हणजे काय तेही बघ, कारण इथेही गडबड होते. डावीकडे एक भुयार, उजवीकडे एक भुयार, कुठे जाताय, ही निवड नाही, हा छापाकाटा झाला. पण डावीकडून ओला वारा येतोय आणि पाण्याचा आवाज आहे, उजवीकडच्या जमिनीवर काहीतरी जड ओढत नेल्याचे ताजे ओरखडे आहेत, आणि हरवलेल्या पोरीची एक चप्पल तिथे पडलीये, हे सांगितलंस की पाच जण पाच मतं मांडायला लागतात आणि तू दहा मिनिटं गप्प बसून चहा पिऊ शकतोस. माहिती द्यायला कंजूसपणा करू नकोस. डीएम लोकांना वाटतं गुपित ठेवलं की उत्सुकता वाढते, तसं नाही होत, ज्याला काहीच माहीत नाही तो काहीच ठरवू शकत नाही. आणि पुढे जायला जो धागा लागणारच आहे तो एका फाशावर कधी टांगू नकोस, रोल फसला म्हणून पत्र सापडलंच नाही आणि सगळे अडकून बसले असं नको. तोच धागा तीन ठिकाणी ठेव, पत्रात, घाबरलेल्या नोकराच्या तोंडात, आणि अंगणात नुकत्याच उकरलेल्या मातीत.

फाशाबद्दलही बोलायचंय. कुलूप उघडायला रोगने रोल केला, नाही जमलं, मग विझार्डने केला, मग रेंजरने, कोणालातरी कधीतरी जमणारच, यात काय थरार आहे? फसल्यावर काही बिघडणारच नसेल तर रोल मागूच नकोस, सांग उघडलं आणि पुढे चल. आणि बिघडणार असेल तर ते आधी तोंडाने सांग. "१५ हवेत, नाही आले तर कुलूप उघडेल पण कडी जोरात वाजेल आणि पहारेकरी येईल." समज रोगला बोनस ५ आहे, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त पडायला हवेत, वीसपैकी अकरा बाजू, ५५ टक्के. बरोब्बर अशी वेळ की करावं की नको करावं. मग तो फासा टेबलाच्या मधोमध टाकायला लाव, तूसुद्धा तुझे फासे पडद्याआड टाकू नकोस. सारीपाट खेळताना दान काय पडतंय हे सगळ्यांना दिसतं म्हणून तर सगळे वाकून बघतात.

एक कागद घे आणि त्यावर सहा चौकोन काढून टेबलावर ठेव, झाकून नाही, उघडा. वर लिही, "गावात साथ पसरतेय" किंवा तुझ्या गोष्टीत जे काही संकट असेल ते. पार्टीने वेळ घालवला की एक चौकोन काळा कर. तुझी पार्टी दर लढाईनंतर झोप काढत असणार, लाँग रेस्ट आठ तासांची असते आणि सगळं भरून निघतं, मग कोण नाही घेणार? पण आठ तास झोपलो की एक चौकोन भरतो हे समोर दिसत असलं की अर्ध्या हिट पॉइंटवर पुढे जायचं की झोपायचं यावर खडाजंगी होते. आणि चौकोन भरले तर ते संकट खरंच येऊ दे. शेवटच्या क्षणी वाचवलंस तर पुढच्या वेळी तो कागद कोणी बघणार नाही.

ते ४० पानी प्रकरण तुझ्यासाठी ठेव, तुला त्यातून आत्मविश्वास मिळतो, तो खरा आहे. प्लेयरना मात्र सुरुवातीला पाच वाक्यं पुरे. तू सेशनच्या सुरुवातीला किती वेळ बोलतोस ते लिहिलं नाहीस, पण ४० पानं लिहिणारा माणूस नमनाला घडाभर तेल घालत असणार असा माझा अंदाज आहे. मागच्या वेळी काय झालं ते तू सांगू नकोस, त्यांना सांगायला लाव, दरवेळी वेगळ्या माणसाला. कोणाला काय आठवतंय यावरून तुला फुकटात कळतं की त्यांना काय आवडलं होतं.

क्लेरिकवालीबद्दल एक सांगू? सगळ्यांसमोर "तुला काय वाटतं?" असं विचारू नकोस, शांत माणसाला तो प्रश्न शाळेत उभं केल्यासारखा लागतो. तिच्या कॅरेक्टरला काहीतरी होऊ दे. मरणारा म्हातारा तिचाच हात धरतो, कारण तिच्या गळ्यात देवाची खूण आहे, आणि म्हणतो माझ्या मुलाला सांगू नका मी कसा मेलो. आता हे गुपित फक्त तिचं. ती लगेच बोलेल असं नाही, कदाचित दोन सेशननंतर बोलेल, आणि कदाचित ती गप्प असूनही मजेत असेल, काही लोक असतात तसे, एकदा बाजूला घेऊन सरळ विचार. विझार्डवाल्यालाही शत्रू मानू नकोस, तोच तुझा गेम आठ महिने ओढतोय. त्यालाच सांग की यार, फायटरला आणि क्लेरिकवालीला जरा आत ओढ, तुझ्या कॅरेक्टरला त्यांचा सल्ला मागू दे. असं काम दिलं की बोलणारी माणसं फार छान करतात.

मिनिएचर नको घेऊस, चिंचोके आणि शर्टाची बटणं गॉब्लिन म्हणून उत्तम चालतात. आवाज काढायचेही सोड, त्यापेक्षा प्रत्येक माणसाला काहीतरी हवंय एवढं ठरव, बोलणं आपोआप वेगळं होतं. प्लेयरना सगळे मॉन्स्टर पाठ झाले असतील तर मात्र एक कर, आकडे तेच ठेव आणि रूप बदल. आपल्या कोकणातला चकवा आठव, कितीही चाला, परत त्याच झाडापाशी आणून सोडतो, त्याला तलवारीने मारता येत नाही, त्यातून सुटायचं कसं हेच कोडं. तुझ्या टेबलावरच्या मराठी पोरांना तो शब्द ऐकूनच लहानपणीच्या रात्री आठवतील, हे कुठल्याही विकतच्या पुस्तकातून येत नाही. पण घाबरवण्याआधी कोणाला काय नको आहे ते विचारून ठेव, लहान मुलांना इजा, साप, जे असेल ते, आणि जे नको म्हटलं ते टेबलावर आणायचं नाही म्हणजे नाही.

न आलेल्या दोघांचं फार मनाला लावून घेऊ नकोस, नोकऱ्या आहेत, घरं आहेत. तिघे असले की खेळायचं हे पक्कं करून टाक आणि जमेल तेव्हा सेशन गावात परत येऊन संपव, म्हणजे जो आला नाही तो गावात थांबलाय असं सहज सांगता येतं. आणि खेळ संपल्यावर "मजा आली का?" विचारू नकोस, सगळे हो मस्त म्हणतात आणि बाइक काढतात. "पुढच्या वेळी कुठे जायचंय?" एवढंच विचार. उत्तर आलं की तुझी तयारी निम्मी झाली, फक्त तेवढंच एक ठिकाण लिही.

आता येत्या रविवारचं सांगते. नावाड्याला परत आण. त्यांना तो आवडलाय, म्हणजे तुझ्या विलनने त्याला हात लावला तर त्यांना लागेल, सम्राटाच्या सिंहासनाला लागलं तर नाही लागणार. देवळातला तो ताईत उचल आणि नावाड्याच्या गळ्यात घाल, त्याला माहीतही नाही तो काय आहे, आजोबांचा म्हणून घालतो. प्रस्तावना काही नको. सगळे बसले की सांग, तुम्ही नदीच्या मधोमध आहात, रात्र आहे, नावेच्या तळाला भोक पडलंय आणि घोट्यापर्यंत पाणी आलंय, मागून दोन नावा मशाली घेऊन येतायत आणि त्यातला एक जण ओरडतोय की आम्हाला फक्त नावाडी द्या, तुम्हाला हात लावणार नाही. नावाडी वल्हं सोडून तुमच्याकडे बघतोय. सहा चौकोनांचा कागद मधे ठेव, वर लिही "नाव बुडतेय", पहिला चौकोन काळा कर, आणि फायटरकडे बघून विचार, "काय करतोयस?"